लॅक्रॉसच्या काठीतला झोळ

कोल्हापूरच्या राजारामपुरीतल्या दुकानात माझं दिवसभर रॅकेटचं गटिंग, म्हणजे जाळी विणणं, चालतं. बॅडमिंटनची २४ पौंडांवर, टेनिसची ५०च्या पुढं. मशीनवर ताण द्यायचा, क्लॅम्प आवळायचा. जाळीत झोळ राहिला तर काम वाया.

एका शनिवारी कॉलेजच्या एका पोरानं लॅक्रॉसची काठी टेबलावर ठेवली. टोकाला जाळी असलेल्या काठीनं चेंडू झेलायचा-फेकायचा हा सांघिक खेळ. "काका, जाळी फाटलीय. नवी आणलीय, विणून देता काय?" ऑक्टोबर २०२३ मध्ये आंतरराष्ट्रीय ऑलिंपिक समितीच्या मुंबईतल्या अधिवेशनात २०२८च्या लॉस एंजेलिस ऑलिंपिकसाठी सहा-सहा खेळाडूंचं लॅक्रॉस मंजूर झालं, तेव्हापासून असं काम येईल हे मी धरून होतो.

पोकळ दांड्यावर प्लॅस्टिकचं हेड बसतं, त्यातच जाळी विणायची. त्याची वरची रुंद कड म्हणजे स्कूप, जमिनीवरचा चेंडू इथूनच उचलतात. दोन्ही बाजूंच्या भिंतींना दोरीसाठी भोकं असतात आणि खाली, दांड्याच्या तोंडाशी फोमचा तुकडा. जाळी दहा चौकटी रुंद. तिची वरची ओळ दुमडून, मध्य स्कूपच्या मध्याशी जुळवून वरची दोरी ओवायची. ही दोरी मात्र कचकून ताणायची. इथं ढिलाई राहिली तर सुटताना चेंडू कडेला अडकतो. दोरीची टोकं लायटरनं वितळवून घ्यायची, नाहीतर गाठ निसटते.

मग बाजूच्या दोऱ्या. इथं माझ्या हाताची सवय आडवी आली. मी खालपर्यंत सारखाच ताण दिला आणि जाळी हलगीसारखी ताठ झाली. चेंडू भरीव रबराचा, वजन १४० ते १४९ ग्रॅम. टाकला की उसळून बाहेर. सगळं उसवलं. रॅकेटमध्ये जो झोळ दोष, तोच इथं मुद्दाम घडवायचा असतो. जिथं तो हवा, तिथं भिंतीच्या थोड्या लांबीत जाळीच्या जास्त चौकटी बांधायच्या. जिथं नको, तिथं जाळी ओढून धरायची. मोजायला मशीन नाही, बोटांनाच कळावं लागतं.

खालची दोरी शेवटच्या ओळीतून ओवली की झोळाची खोली तिच्यावर ठरते. पुरुषांच्या काठीत चेंडू ठेवून हेड डोळ्यांसमोर आडवं धरायचं. चेंडूचा माथा भिंतीच्या खालच्या कडेखाली गेला तर काठी नियमबाह्य. मुलींच्या काठीचा नियम याहून कडक आहे.

शेवटी वरच्या भागात दोन आडव्या नाड्या. मागच्या बोळात भिंतीवर फेकून बघितलं, तर चेंडू सारखा पायाशीच आपटत होता. म्हणजे नाड्या जास्त आवळलेल्या. त्या चेंडूला उशिरापर्यंत धरून ठेवतात आणि मग खाली झटका देतात. त्या सैल केल्या. तरी फेक उजवीकडंच. हेडच्या दोन्ही भिंतींवरच्या गाठी समोरासमोर ठेवून मोजल्या तेव्हा दिसलं, डाव्या बाजूची तिसरी गाठ एक भोक खाली बसली होती. झोळ मध्यावर नसला की चेंडू तिरका सुटणारच. ती गाठ सोडवायला खालच्या सगळ्या सोडाव्या लागल्या, दीड तास गेला. पण भोकं आधी मोजून खूण केली असती तर दहा मिनिटांचंही काम नव्हतं. आता प्रत्येक हेडवर विणण्याआधी पेन्सिलची खूण करतो.

पोराला सांगितलं, रात्रभर चेंडू झोळात दाबून बांधून ठेव, आणि पावसात खेळलास तर काठी सावलीत वाळव. नवी जाळी आठवडाभरात ताणते, झोळ खोल जातो आणि खालची दोरी पुन्हा आवळावी लागते. म्हणून त्या दोरीचं चार बोटं टोक मी कापलं नाही.