लाल शाईची ओळ

स्मरणिका समितीचं पत्र आलं. पाकिटावरचा शाळेचा शिक्का पाहिला आणि ते लगेच फोडवेना. पत्रात लिहिलं होतं, 'माजी आमदार या नात्याने आपल्या राजकीय वाटचालीवर दोन पानांचं मनोगत द्यावं.' वाटचाल लिहायला तीनदा बसलो आणि तिन्ही वेळा कागदावर सरच आले. तेव्हा समितीने मला माफ करावं. शाळेच्या अमृतमहोत्सवी अंकात मी सरांबद्दलच लिहिणार.

त्यांचं नाव लिहीत नाही. आपल्याकडे गुरुजी पुष्कळ झाले, पण नुसतं 'सर' म्हटलं की कोण, हे आपल्या शाळेत कुणाला सांगावं लागत नाही. भूगोल आणि नागरिकशास्त्र. पांढरा पायजमा, खिशाला दोन पेनं, एक निळं आणि एक लाल.

१ मे १९७३. झेंडावंदन झालं, सातवीचा निकाल लागला, आणि सरांनी सांगितलं की आजपासून देशातल्या कोळसा खाणी सरकारच्या झाल्या. आम्ही टाळ्या वाजवल्या. माझा बाप खाणीत लोडर होता. घरी येऊन त्याला सांगितलं तर तो म्हणाला, 'मंग आता पगार टायमावर होईल का रे?' सुटीनंतर शाळा उघडल्यावर मी हा प्रश्न सरांना विचारला. सरांनी तो फळ्यावर लिहिला आणि वर्गाला म्हणाले, 'प्रश्न असा पाहिजे. याचं उत्तर हो किंवा नाही असंच द्यावं लागतं.'

आठवीत असताना सरांनी विहिरीची वही सुरू केली. शाळेमागची विहीर सगळ्यांना आठवत असेल. खाणीत पाणी भरू नये म्हणून पंप रात्रंदिवस चालायचे आणि ते पाणी नाल्यात जायचं. गावातल्या बाया म्हणायच्या, दोर पुरत नाही. सर म्हणाले, किती पुरत नाही ते मोजू. त्यांनी सुताचा जाड दोर आणला, फुटाफुटाला गाठ मारली, दर पाच फुटांना लाल चिंधी बांधली आणि खाली दगड लावला. शनिवारची सकाळची शाळा सुटली की आठवी-नववीचा एक मुलगा आणि एक मुलगी विहिरीवर जायची. काठापासून पाण्यापर्यंत किती फूट ते वाचायचं, वहीत तारीख घालून लिहायचं, दोघांनी सही करायची. सुटी असो, पोळा असो, शनिवार चुकवायचा नाही.

मी चुकवला. शेजारच्या गावी शंकरपट होता आणि शर्यतीच्या बैलजोड्या सुटायची वेळ झाली होती. माझ्यासोबतची मुलगी तापाने घरी होती. मी वर्गात बसूनच मागच्या शनिवारचा आकडा पाहिला, १८ फूट, तोच पुन्हा लिहिला आणि पळालो. माझी सही केली. तिचीही केली.

सोमवारी सरांनी वही उघडली. त्या थंडीत दर आठवड्याला पाव फूट, अर्धा फूट पाणी खाली जात होतं आणि माझ्याच आठवड्यात ते जागच्या जागी थांबलेलं. सर काहीच बोलले नाहीत. शाळा सुटल्यावर म्हणाले, 'थांब.' शिपायाकडून कंदील घेतला. आम्ही दोघे विहिरीवर गेलो. दोर मी सोडला, कंदील त्यांनी धरला. चौथी चिंधी काठाखाली गेली, पुढची गाठ गेली, आणखी अर्धा फूट गेल्यावर दगड पाण्याला लागल्याचा आवाज आला. साडेएकवीस. खाणीवर त्याच आठवड्यात नवा पंप बसला होता, हे नंतर बापाकडून कळलं.

मला वाटलं सर पान फाडतील, निदान आकडा खोडतील. त्यांनी १८ तसाच ठेवला. त्याच्यापुढे लाल पेनने लिहिलं : 'हा आकडा प्रत्यक्ष मोजलेला नाही.' त्याखाली सोमवारची तारीख घातली, २१॥ फूट लिहिलं आणि वही माझ्यापुढे सही करायला धरली. छडी नाही, मुख्याध्यापकांकडे नेणं नाही. कंदील घेऊन ते मला घरापर्यंत सोडायला आले, कारण अंधार पडला होता.

आमच्यानंतरच्या तुकड्यांनीही वही चालवली. सर निवृत्त होईपर्यंत सहा वह्या झाल्या.

माझी वाटचाल एका परिच्छेदात बसते. ग्रामपंचायत, सरपंचपद, पंचायत समिती, मग दोन वेळा विधानसभा, तिसऱ्यांदा पराभव. पण सभागृहात पहिल्या वर्षी मी पार अडकलो होतो, ते सांगायला हवं. खाणीविषयी काहीही विचारलं की ऐकावं लागे, हा केंद्राचा विषय आहे. कोळसा केंद्राचा, कंपनी केंद्राची, जमीन घ्यायचा १९५७ चा कायदासुद्धा केंद्राचा. एका सुटीच्या दिवशी सरांच्या घरी गेलो आणि हे गाऱ्हाणं मांडलं. सरांनी मला पुन्हा नववीचं नागरिकशास्त्र शिकवलं. संविधानाची सातवी अनुसूची, तीन याद्या. 'राज्य सूचीत पाणी आहे. तू कोळशाबद्दल कशाला विचारतोस? विहिरीबद्दल विचार.' आणि आतल्या खोलीतून कापडी पिशवी आणून माझ्या मांडीवर ठेवली. वर्तमानपत्राची कव्हरं घातलेल्या सहा वह्या.

हिवाळी अधिवेशन नागपूरला. तारांकित प्रश्न, म्हणजे ज्यावर मंत्र्यांना सभागृहात तोंडी उत्तर द्यावं लागतं तो, लागला. ज्यांनी विधिमंडळाचं कामकाज पाहिलेलं नाही त्यांच्यासाठी सांगतो, तिथल्या प्रश्नाची भाषा ठरलेली असते. अमुक गावांतील विहिरींची पातळी खाणीतील उपशामुळे खालावली आहे, हे खरे आहे काय? असल्यास शासनाने कोणती कार्यवाही केली? नसल्यास विलंबाची कारणे काय? छापील उत्तर आलं : '(१) हे खरे नाही. (२) व (३) प्रश्न उद्भवत नाही.'

सर त्या दिवशी प्रेक्षक गॅलरीत होते. पास मीच काढला होता. चंद्रपूरहून (त्यांच्या तोंडी शेवटपर्यंत चांदाच होतं) पहाटेची एसटी पकडून आले होते. मी उपप्रश्नाला उभा राहिलो, वही हातात धरली आणि एकेक वर्ष वाचू लागलो. मंत्रिमहोदयांनी दालनात बैठक घेण्याचं मान्य केलं.

बैठकीतले एक वरिष्ठ अधिकारी वह्या चाळत होते. शासनाच्या निरीक्षण विहिरी वर्षातून चार वेळा मोजतात, आमची दर आठवड्याला मोजलेली, आणि तीही शाळकरी पोरांनी. शंका येणं रास्तच होतं. पानं उलटता उलटता ते थांबले. बराच वेळ एकाच पानावर होते. मग वही माझ्याकडे वळवून विचारलं, 'हे लाल शाईत कोणी लिहिलंय?'

मी सांगितलं. आकडा कोणी खोटा लिहिला होता तेही सांगितलं. दालनात बारा-पंधरा माणसं होती.

ते म्हणाले, 'ज्या वहीत हे लिहून ठेवलंय, तिचे बाकीचे आकडे मी मानतो.'

पुढच्या अधिवेशनात उत्तर बदललं. 'हे अंशतः खरे आहे.' त्यानंतर वर्धा नदीवरून आपल्या गावांची नळयोजना मंजूर झाली. माझ्या दोन कार्यकाळांत रस्ते झाले, समाजमंदिरं झाली, फलकांवर माझं नाव लागलं. पण अभिमानाने सांगावं असं काम मला विचाराल तर ही नळयोजनाच, आणि तिच्या फलकावर ज्यांचं नाव हवं होतं ते नाही.

उत्तर छापून आलं त्या रात्री मी सरांकडे गेलो. सगळं सांगितलं, अधिकाऱ्यांनी कोणतं पान उघडलं तेही. मला वाटलं ते वह्यांबद्दल काही बोलतील. ते म्हणाले, 'त्या दिवशी तुला घरी जायला उशीर झाला होता. आई रागावली होती का?'

सर जाऊन आता बरीच वर्षं झाली. दोन एकरांमागे एक नोकरी या हिशेबात आपल्या वर्गातल्या कितीतरी जणांच्या घरची शेतं गेली आणि मुलं खाणीत लागली. भूमिगत खाणीच्या जागी ओपनकास्ट, म्हणजे वरून खोदलेली उघडी खाण झाली, मातीचे डोंगर उभे राहिले. शाळेला मुलं द्यायची त्यातली काही गावं आता त्या जागेवर नाहीत. २०१५ च्या कायद्याने जिल्हा खनिज प्रतिष्ठान आलं, जुन्या खाणपट्ट्यांच्या रॉयल्टीच्या ३० टक्क्यांइतकी रक्कम जिल्ह्यासाठी येऊ लागली, आणि शाळेची नवी प्रयोगशाळा त्यातून झाली. तेव्हा मी सभागृहात नव्हतो, पण आनंद झाला. प्रयोगशाळा सुंदर आहे. तिच्यासमोर विहिरीवर सिमेंटचा स्लॅब टाकलाय आणि त्यावर सायकली लावतात. स्लॅबला एक झाकण ठेवलं असतं तर दोर सोडता आला असता. मुख्याध्यापकांना मी तसं पत्र दिलं आहे, आणि झाकणाचा खर्च मी करणार आहे.

महोत्सवाच्या दिवशी वह्या शाळेच्या स्वाधीन करीन. माझ्याकडे पाच आहेत. चौथी बैठकीनंतर कुणी माजी विद्यार्थी पाहायला घेऊन गेला आणि ती परत आली नाही. तपकिरी पुठ्ठा, आत शंभर पानं, पहिल्या पानावर सरांच्या अक्षरात मुलामुलींच्या जोड्यांची यादी. ज्याच्याकडे असेल त्याने येताना घेऊन यावी. काहीही विचारणार नाही. आणि तो दोर कुणाच्या घरी, माळ्यावर, गोठ्यात असेल तर तोही आणावा. गाठी सुटल्या असल्या तरी चालेल, चिंध्यांवरून ओळखू येईल.