आभाळाच्या दिवसांत मळ्यातलं सोलर

आमचं घर चोपडा तालुक्यात, सातपुड्याच्या पायथ्याला, मळ्यात. विजेचे खांब इथवर आलेले नाहीत. सगळी भिस्त 335 वॅटचं पॅनल, एमपीपीटी कंट्रोलर (पॅनलमधून जास्तीत जास्त वीज काढून बॅटरी भरणारा डबा) आणि 12 व्होल्ट, 150 अँपिअर-अवरच्या ट्यूब्युलर बॅटरीवर.

खानदेशात उन्हाला तोटा नाही. पण ऐन हिवाळ्यात अवकाळीचं आभाळ आलं, की हरभऱ्याला घाटेअळीची धास्ती आणि घरात बॅटरीची. भरलेल्या बॅटरीत 1800 वॅट-अवर, त्यातले निम्मेच वापरायचे, म्हणजे 900. उघडीप असली तर पॅनल दिवसाला एक युनिटच्या, म्हणजे 1000 वॅट-अवरच्या, वर देतं. दाट आभाळात त्याची चौथाई मिळाली तरी खूप.

मग वीज जाते कुठे, हे मीटर लावून पाहिलं. 9 वॅटचे तीन दिवे पाच तास लावले तरी 135 वॅट-अवर. आणि इन्व्हर्टर? काहीही न चालवता नुसता चालू असला तरी 15 वॅट घेतो, म्हणजे 24 तासांत 360! दिव्यांच्या अडीचपटीहून जास्त. वायफायचा डबा 10 वॅटचा, पण दिवसरात्र चालतो, म्हणून त्याचे 240. दिवे विझवून अंधारात बसायची गरजच नव्हती.

दिवे 12 व्होल्टचे डीसी, म्हणजे इन्व्हर्टरशिवाय चालणारे, घेतले आणि थेट कंट्रोलरच्या 'लोड' लिहिलेल्या जोडणीवर जोडले. मोबाईलही तिथेच. वायर मात्र जाड हवी. 12 व्होल्टला बारीक, लांब वायरीत व्होल्टेज फार घटतं. बॅटरीजवळ फ्यूज हवाच. इन्व्हर्टर आता टीव्ही-मिक्सरपुरता चालू होतो.

पहाटे, ऊन पडायच्या आधी, दिवे बंद असताना व्होल्टेज बघतो. संध्याकाळचा आकडा नुकत्याच झालेल्या चार्जिंगने फुगलेला असतो, त्यावर जाऊ नये. 12.7 म्हणजे भरलेली, 12.2 म्हणजे निम्मी. 12.2 दिसलं की आईला सांगतो, आज मिक्सर नको. "बरं भाऊ, ठेचा पाट्यावर वाटते," म्हणते ती. वायफायही बंद.

पॅनल हिवाळ्यात 35 अंशांपर्यंत उभं ठेवतो, पण आभाळ पूर्ण झाकलेलं असलं की आडवं करतो, कारण तेव्हा उजेड सगळ्या आकाशातून येतो.

ऊन परतल्यावर मिक्सरची घाई नको. आधी 14.4 व्होल्टवर बॅटरी पूर्ण भरू द्यायची. अर्धवट भरलेली राहिली तर प्लेटांवर सल्फेट घट्ट बसतं. भरल्यावर डिस्टिल्ड वॉटरची पातळी बघायची, मगच टीव्ही.