रुंबकचा हिवाळा: भरल, चकोर आणि दिवसभर झोपलेला हिमबिबट्या

लडाखला बहुतेक लोक जून-जुलैत जातात, आम्ही मुद्दाम फेब्रुवारीत गेलो कारण तेव्हा भरल (हिमालयातल्या रानमेंढ्या) बरेच खाली उतरलेले असतात आणि त्यांच्या मागोमाग हिमबिबट्याही. लेहहून झिंगचेनपर्यंत गाडी, पुढे हेमिस नॅशनल पार्कमधून गोठलेल्या ओढ्याच्या कडेकडेने चालत रुंबक गाव. उंची साधारण 4000 मीटर, रात्री पारा उणे 20 च्या आसपास.

गाईडने पहिल्याच सकाळी एक गोष्ट सांगितली, प्राणी शोधत बसू नका, आधी ऊन कुठे पडतंय ते बघा. आणि खरंच, दक्षिणेकडे तोंड असलेल्या उतारांवर बर्फ लवकर वितळतो किंवा वाऱ्याने उडून जातो, खालचं वाळकं गवत उघडं पडतं आणि भरलांचा कळप नेमका तिथेच. रंग इतका दगडासारखा की हलले नाहीत तर दिसतच नाहीत. थोडं चरायचं, मग उन्हात बसून तासन् तास रवंथ. पोटात गवत आंबताना जी उष्णता तयार होते ती पण त्यांच्या कामी येते. आल्प्समधल्या आयबेक्सवर (एक प्रकारच्या रानबकऱ्यांवर) याचा छान अभ्यास झालाय, हिवाळ्यात त्यांच्या हृदयाचे ठोके उन्हाळ्यापेक्षा बरेच कमी होतात आणि सकाळी ते उन्हात बसून अंग तापवून घेतात म्हणजे तेवढी चरबी जाळायची वाचते. हे वाचलेलं होतं पण समोर तो कळप बघताना पहिल्यांदा नीट समजलं की यांचा सगळा हिवाळा म्हणजे खर्च कमी ठेवणं आहे, कारण दाट लोकर थंडी अडवते पण भूक अडवत नाही.

चकोर तर घरांच्या मागेच फिरत होते, पिसं फुगवून गोल झालेले, पाय मात्र उघडे आणि थेट बर्फावर! पायाकडे जाणारं गरम रक्त आणि पायाकडून परत येणारं गार रक्त अगदी शेजारशेजारच्या नळ्यांतून वाहतं, त्यामुळे उष्णता वरच्या वर परत शरीरात जाते आणि पाय मुद्दामच गार ठेवला जातो. आणि या सगळ्याच्या खाली जमिनीत कुठेतरी मार्मोट, म्हणजे बिळात राहणाऱ्या जाड्या खारी, झोपलेले, बिळाचं तोंड माती-दगडांनी बंद करून, मिनिटाला जेमतेम चार-पाच ठोके, वसंतापर्यंत असेच.

शान, म्हणजे तिथल्या लोकांचा हिमबिबट्या, दिसला एका दुपारी, समोरच्या कड्यावर खूप लांब, स्पॉटिंग स्कोपमधून (छोट्या दुर्बिणीतून). तो झोपलेला होता आणि झोपूनच राहिला, पण मला नजर काढवेना. जवळपास शरीराएवढी लांब शेपटी, ती नाकावरून गुंडाळून घेतलेली. कड्यावर तोल सांभाळायला हीच शेपटी आणि झोपताना पांघरूणही हीच. कान लहान आणि गोल म्हणजे तिथून उष्णता कमी जाते, नाकाची आतली पोकळी मोठी म्हणजे हवा गरम होऊन आत जाते, पंजे रुंद आणि तळव्यालाही केस, पोटाखालचे केस तर 12 सेंटीमीटरपर्यंत लांब. गंमत म्हणजे त्याच्या हिमोग्लोबिनमध्ये उंचीसाठी असा काही खास बदल सापडलेला नाही, हिमालयावरून उडणाऱ्या पट्टेरी हंसात तो आहे, यात नाही. एक भरल मारलं की तीन-चार दिवस त्यावर काढायचे, मग पुढची शिकार कदाचित आठवडाभराने. मधल्या वेळात झोप.

म्हणूनच एका संध्याकाळी जे बघितलं त्याचा मला फार राग आला. मोठ्या लेन्स घेतलेला एक ग्रुप फोटोसाठी सरळ उतार चढत भरलांच्या दिशेने गेला आणि अख्खा कळप उधळून वर बर्फात पळाला. फोटो मिळाले असतील, पण त्या पळण्यात जी चरबी गेली ती भरून काढायला तिथे काहीही उगवलेलं नाही. प्लीज, लांबूनच बघा, स्कोपमधून सगळं दिसतं. भरलांचा मिलनाचा काळ साधारण जानेवारीपर्यंत संपतो, म्हणजे त्या कळपातल्या बऱ्याच माद्या गाभण असणार. पिल्लं होतात मे-जूनच्या सुमाराला, नवं गवत येतं तेव्हा, आणि तोवर पोटातल्या पिल्लासकट त्यांना त्याच वाळक्या काड्यांवर काढायचंय.