जपलेली नाळ

वहिनीला सातवा लागलाय म्हणून गरोदरपणात कुठले मासे चालतात ते शोधत होते आणि मिनामाटापाशीच अडकले. जपानमधलं गाव, १९५६ ला पाऱ्याच्या विषबाधेचा आजार पहिल्यांदा नोंदला गेला, चिस्सो या रसायन कंपनीचा पारा समुद्रात, तिथून माशांत, मग आयांच्या पोटात. तेव्हा डॉक्टरांना वाटायचं वार (प्लॅसेंटा) बाळाला विषापासून वाचवते, पण मिथाइल पारा वारेतून पार बाळाच्या मेंदूपर्यंत जातो, आयांना कधीकधी जेमतेम त्रास आणि मुलं मान न धरणारी, न बोलणारी.

तिकडे बाळाची नाळ सुकवून डबीत जपतात ना, डॉ. मासाझुमी हारादांनी त्याच नाळा गोळा केल्या आणि त्यात पारा सापडला. आईने मायेने ठेवलेली वस्तू! मला पुढे वाचवेचना.

वहिनीला म्हटलं, बांगडे-तारली खा, मोरी (शार्क) मात्र नको.