लेबल वाचता का?

रत्नागिरीजवळच्या एका इंजिनीअरिंग कॉलेजात मी टेक्निकल कम्युनिकेशन शिकवते. पहिल्या वर्षी ‘संशोधन करून अहवाल लिहा’ एवढंच सांगून मोकळी झाले. आलेले अहवाल एकजात गुळगुळीत. काहींनी तर उचललेल्या मजकुराखालची निळी रेघसुद्धा पुसली नव्हती. भरपूर ओरडले. घरी आल्यावर जाणवलं, शोधायचं कसं हे मी शिकवलंच कुठे होतं?

पुढच्या जानेवारीत विषय मीच दिला : आंब्यावर फवारायच्या औषधांची लेबलं. निम्म्या वर्गाच्या घरी कलमं, मोहोरावर तुडतुडे आलेले, दारात पंप उभे. नेटवरून उतरवायला फारसं काही मिळणार नाही, हाही माझा डाव होताच.

आधी वाचन. एकाने कुठल्याशा साइटवरून लिहून आणलं, ‘लेबलवरचा हिरवा त्रिकोण म्हणजे औषध सुरक्षित.’ त्याला मूळ कीटकनाशक नियम, 1971 शोधायला बसवलं. लाल, पिवळा, निळा, हिरवा असा विषारीपणा उतरत जातो. प्रयोगातले निम्मे प्राणी मरतील अशी तोंडावाटे मात्रा लाल रंगात दर किलो वजनाला 1 ते 50 मिलिग्रॅम, हिरव्यात 5000 च्या वर. म्हणजे हिरवं औषधही किंचित विषारीच. बिस्किटाच्या पुड्यावरच्या हिरव्या ठिपक्याने सगळ्यांच्या डोक्यात घोळ घातलाय, माझ्याही. त्या दिवसापासून ‘हे मुळात कुठे लिहिलंय?’ हा वर्गातला परवलीचा प्रश्न झाला.

मग प्रश्नावली घेऊन पोरं गोळपच्या सड्यावर, म्हणजे कातळपठारावरच्या बागांत गेली. ‘तुम्ही लेबल वाचता का?’ सगळ्यांचं उत्तर हो. वर्ग खूश, तक्ता तयार. मला मात्र शंका आली. पाहुण्याच्या पोरीने विचारल्यावर नाही कोण म्हणेल?

प्रश्नावली बाजूला ठेवायला लावली. म्हटलं, विचारू नका, परवानगी घेऊन नुसतं बघा. वहीचं पान मधोमध दुमडा, डावीकडे दिसलं ते, उजवीकडे वाटलं ते. दोन्ही एकत्र केलंत तर पान परत. हे जमायला तीन खेपा लागल्या. पहिल्या खेपेला एकीने डावीकडे लिहिलं, ‘कामगार निष्काळजी आहे.’ मी विचारलं, हे दिसलं कसं? बराच वेळ गप्प राहून तिने ते खोडलं आणि लिहिलं, ‘200 लिटरच्या पिंपात औषध टोपणाने मोजून ओतलं. माहितीपत्रक बाटलीला रबराने बांधलेलं, घडी मोडलेली नाही.’

तिचं पुढचं वाक्य वाचून मी खुर्चीत सरळ बसले : ‘फवारणी नेपाळी दाजू करतो.’ दाजू म्हणजे नेपाळीत थोरला भाऊ.

आमची अख्खी प्रश्नावली बागायतदारासाठी होती. औषध हाताळणारा माणूस तिच्यात नव्हताच. मी स्वतः तपासून सही केलेली प्रश्नावली!

शेवटी मुलांनी एका पानाचं सूचनापत्र केलं, मोठ्या अक्षरांत. ते दाजूच्या हातात दिलं आणि मोठ्याने वाचायची विनंती केली. लिपी आपलीच, तो भराभर वाचत गेला आणि ‘प्रमाण’वर अडला. नेपाळीत प्रमाण म्हणजे पुरावा. औषधाचा कसला पुरावा द्यायचा, असं त्याने हिंदीत विचारलं. मुलं हसली नाहीत, याचं मला बरं वाटलं.

तो शब्द गेला, जागी मोजमापाच्या पेल्याचं चित्र आलं. ते पान मग सात वेळा बदललं. अहवाल दहा दिवस उशिरा आला, त्याचे मार्क मी नियमाप्रमाणे कापले. सूचनापत्राची एक प्रत पंपाच्या खोलीत खिळ्याला टांगलेली आहे. दाजूने तिच्यावर पेन्सिलीने नेपाळीत आणखी दोन ओळी लिहिल्यात. त्या कुणाकडून तरी वाचून घ्यायच्या आहेत.