फक्कीने आखलेली लालबागची खोली

स्मरणिकेसाठी लिहा असा निरोप आला आणि भूगोलाचे सरच डोळ्यांसमोर उभे राहिले. बाकीच्या गुरुजनांनी रागावू नये, पण माझ्यासाठी शाळा म्हणजे सर.

मे महिन्यात आपण आंब्या-काजूंत असायचो तेव्हा सर खांद्याला पिशवी लावून कुठेतरी निघालेले असायचे. केरळात जाऊन आले तेव्हा, आपल्याकडे मुंबईहून मनिऑर्डर येते तसा तिथे आखातातून पैसा येतो, यावर त्यांनी वर्गाला आठवडाभर बोलतं ठेवलं. पुस्तकात ‘स्थलांतराची कारणे’ होती. सरांनी टेबलावर जांभ्याचा चिरा ठेवला आणि वर तांब्याभर पाणी ओतलं. बघता बघता ते मुरलं. पावसाळ्यात तीन हजार मिलिमीटर कोसळूनही चैत्रात विहिरी तळ का गाठतात, भाताचं एकच पीक का निघतं आणि वाडीतले बापये मुंबईच्या कापड गिरणीत का जातात, हे त्या चिऱ्यावरून त्यांनी आम्हाला समजावलं.

पण मला सांगायचंय ते १९८१ च्या दिवाळीनंतरचं. आम्ही नववीत होतो. सुट्टीत सर मुंबईला गेले आणि आपल्या गावकीच्या लालबागच्या खोलीवर वस्तीला राहिले. माझे बाबा तिथेच असायचे. परत आल्यावर सरांनी मैदानात फक्कीने दहा बाय बारा फुटांचा चौकोन आखला. मोरी दाखवली, ट्रंका म्हणून कडेने आमची दप्तरं रचली आणि मुलांना तीन पाळ्यांत वाटलं. “भोंगा झाला, पहिली पाळी उठा!” पहिली पाळी उठून गेली की तिच्या जागी रातपाळीवाले आडवे व्हायचे. जागा न उरलेल्यांनी बाहेर पॅसेजमध्ये वळकटी टाकायची. सरांनी मला हाताला धरून दाराबाहेर निजवलं आणि म्हणाले, “तुझे बाबा इथे झोपतात. मी त्यांच्या शेजारीच होतो.”

बाबा गणपतीला आणि शिमग्याला यायचे ते नवे कपडे, खाऊ घेऊन. ते झोपतात कुठे, हे मला त्या दिवशी कळलं.

मुलींना सरांनी चौकोनाबाहेर बसवलं. “गाव तुमच्या जिवावर चालतं, तेव्हा कामं तुम्हीच सांगा,” म्हणाले. लावणी, बेणणी, गुरं, लाकूडफाटा, म्हातारी माणसं, मनिऑर्डरच्या कूपनावरचा मजकूर कुणाकडून तरी वाचून घेणं... फळा भरला, तरी मुली सांगतच होत्या. २०११ च्या जनगणनेत रत्नागिरी जिल्ह्यात हजार पुरुषांमागे ११२२ स्त्रिया असल्याचं वाचलं तेव्हा मला तो फळा आठवला.

१८ जानेवारी १९८२ ला गिरण्यांचा संप सुरू झाला आणि काही महिन्यांत चाकरमानी गावी परतू लागले. घरोघरी काळजी होती. सरांनी त्यांतल्या काहींना वर्गात बोलावून खुर्ची दिली. बाबा साचेवाले, म्हणजे गिरणीत मागावर कापड विणणारे. त्यांनी फळ्यावर साचा काढून धोटा कसा धावतो ते दाखवलं, आणि सर आमच्यामध्ये बाकावर बसून वहीत उतरवून घेत होते. आपल्या बापाला असा मान देणारा दुसरा माणूस मी पाहिलेला नाही.

आज मी नगररचनेच्या कामात आहे. आमच्या पाहणीत खोलीत माणसं किती, एवढंच विचारत. कोण कोणत्या वेळी झोपतं, हा रकाना मी आग्रहाने घालायला लावला. त्यामुळे एका कामगार वसतिगृहाच्या आराखड्यात रातपाळीवाल्यांसाठी दिवसा झोपायची वेगळी जागा धरली गेली. हे श्रेय सरांचं.

१९९८ पासून कोकण रेल्वे पूर्ण धावू लागली. येणं सोपं झालं, तसं जाणंही. वाडीतल्या किती घरांना वर्षभर कुलूप असतं ते सगळ्यांनाच ठाऊक आहे. भूगोलाच्या खोलीत आता संगणक आहेत, नकाशे गुंडाळून माळ्यावर टाकलेत. गेल्या खेपेला ते पाहून फार वाईट वाटलं. संगणक हवेतच, पण नकाशे खाली काढा.

आणि चौकोनही पुन्हा आखा. हापूसच्या बागा राखायला नेपाळहून माणसं येतात, बागेतल्या खोपीत राहतात. त्यांच्या घरी मागे कोण आहे, पैसे कसे पोचतात, हे आपल्या मुलांनी त्यांना विचारावं. त्यांतल्या कुणाला वर्गात बोलावून खुर्ची द्यावी. आताच्या भूगोलाच्या बाईंनी तारीख कळवावी, मी रजा काढून येईन. बागवाल्यांशी बोलायचं कामही माझ्याकडे द्या.