उलटे बूट

आज सकाळी अडीच वर्षांच्या लेकीने उजवा बूट डाव्या पायातच घालण्याचा हट्ट धरला आणि निघायची वेळ टळून गेली तरी ती उंबरठ्यावर फतकल मारून, ओठ घट्ट मिटून, बुटाच्या पट्टीशी झटत राहिली. मी मदतीला हात पुढे केला, तर तो बाजूला सारत तिने "मी कलनार" असे बजावले. मी आवाज चढवला, तिने माझ्याहून मोठा चढवला. त्यात तिचाच विजय झाला, हे सांगायला नकोच.

मानसशास्त्रज्ञ एरिक एरिक्सन यांनी साधारण दीड ते तीन वर्षांच्या या काळाला स्वायत्ततेचा टप्पा म्हटले आहे आणि आवेग आवरणारा मेंदूचा पुढचा भाग तर पंचविशीच्या आसपासपर्यंत घडत असतो, हे मला ठाऊक आहे. पण घड्याळाकडे पाहताना ते आठवत नाही. (माझी पंचविशी उलटून बरीच वर्षे झाली, त्यामुळे मला ती सबबही नाही.)

शेवटी मी खाली बसलो आणि "आधी पट्टी लावायची की आधी दार उघडायचे?" एवढेच विचारले. क्षणभर विचार करून ती "दाल" म्हणाली आणि उलट्या बुटांनीच पुढे निघाली.